कॉलरवरचा नारिंगी डाग

मुंगीला शिंपीमास्तरांच्या दुकानात काजं करता करता तीन वर्षं झाली होती. वय सतरा, पण पाठीला विचाराल तर सत्तर. मुंगी हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. खाली मान, तोंडातून चकार शब्द नाही आणि सुई सकाळपासून चालू. आईबाप लहानपणीच गेले, खालानं, म्हणजे मावशीनं, वाढवलं. खाला वाईट नव्हती, पण तिच्या घरात रिकाम्या हाताला घास जड जायचा.

तीन महिन्यांपूर्वी खोकल्यात रक्त दिसलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "क्षय आहे. बरा होतो. सहा महिने एकही गोळी चुकवू नकोस." पुढच्या तपासणीत त्यांनी सांगितलं, आता तुझ्यापासून कुणाला धोका नाही, कामाला जा. गोळ्यांनी लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी नारिंगी होईल, घाबरायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं. मुंगी घाबरली नाही. तिनं फक्त कुणाला सांगितलं नाही. खालाला म्हणाली, अशक्तपणाच्या गोळ्या आहेत.

तरी एकानं ओळखलं. तो दुकानातला इस्त्रीवाला, तिच्याहून वर्षानं मोठा. तिच्या रुमालावरचे डाग त्यानं पाहिले होते. त्याच्या थोरल्या भावाचे रुमाल एके काळी तसेच असायचे. त्यानं काही विचारलं नाही. रोज सकाळी कोळसे फुंकता फुंकता एवढंच म्हणायचा, "खाल्लीस?" ती मान हलवायची. मग तो दुकानातला एकुलता पंखा तिच्याकडे वळवायचा आणि स्वतः निखाऱ्यांपाशी उभा राहायचा.

"भाजून निघशील," ती म्हणायची.

"एका बाजूनं झालो की सांग, उलटा होतो."

यापलीकडे दोघांत काही बोलणं झालं नव्हतं. झालं असतं तर बहुधा एवढं टिकलं नसतं.

शाळेचे ऐंशी पांढरे सदरे शिवायला आले तेव्हा शाळेचा कारकून दुकानाच्या पायरीवरूनच बोलला. "पालक कुरकुरतायत, मास्तर. म्हणतात, मुसलमानांच्या वस्तीतून कपडे कशाला? मी शब्द टाकलाय. काही खोट निघाली तर मला मध्ये घेऊ नका."

तो गेल्यावर मास्तर म्हणाले, "आपलं काम दुप्पट चांगलं असेल तेव्हा कुठं ते बरं म्हणतील. हात धुऊन शिवा रे."

शुक्रवारी चारला सदरे द्यायचे होते. सकाळपासून वीज नव्हती, पंखा मेलेला. मास्तर जुम्म्याच्या नमाजला गेले. इस्त्रीवाला म्हणाला, "काम उरलंय, मी मागून येतो." तो गेलाच नाही. मुंगी शेवटची काजं करत होती आणि मनगट कॉलरवर टेकत होतं. मग तिला दिसलं. सहा कॉलरींवर फिकट नारिंगी ओल.

तिनं एक कॉलर इस्त्रीवाल्यापुढं धरली. "आता?"

इस्त्री हातात घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात, डागावर गरम इस्त्री फिरवायची नाही, आधी धुवायचं. त्याला ते झोपेतही माहीत होतं. पण त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि शिकलेलं सगळं विसरला. पाणी शिंपडून त्यानं इस्त्री दाबली. डाग तपकिरी झाले आणि कायमचे बसले.

मास्तर परतले. "हे काय?"

"पाण्याच्या डब्याला गंज होता, मास्तर. माझं लक्ष नव्हतं," इस्त्रीवाला म्हणाला.

चारला आलेल्या कारकुनानं एक कॉलर दोन बोटांत धरून उचलली. "सांगितलं होतं ना मी?" बाकीचे सदरे घेतले. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू, म्हणाला आणि गेला. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

"नमाज बुडवलीस, काम बुडवलंस," मास्तर शांतपणे म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

त्यानं मान डोलावली आणि निखारे राखेत ओतायला घेतले.

मुंगीनं काही करायची गरज नव्हती. खाली मान घालून बसायचं, जे तिनं तीन वर्षं केलं होतं. उद्या सुई असेल, गोळ्याही असतील. इस्त्रीपाशी मात्र दुसरं कुणीतरी असेल.

"मास्तर, गंज नाही तो. माझा घाम आहे. मला क्षय झालाय. गोळ्या चालू आहेत."

"गप्प बस," इस्त्रीवाला म्हणाला.

"तू बस गप्प."

मास्तरांनी खुर्ची मागे सरकवली. वीतभर. आपण सरकलो हे त्यांच्याही ध्यानात आलं नसावं. मुंगीच्या आलं. कारकुनाची दोन बोटं, मास्तरांची एक वीत.

"डॉक्टरांचा कागद आहे?"

"आहे."

"तो असू दे तुझ्याजवळ. गोळ्या संपल्या की ये, मग बघू." भिंतीकडे बघत त्यांनी इस्त्रीवाल्याला म्हटलं, "तू राहा." त्यांचा आवाज दुखावलेला होता. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

ती रस्त्यावर आली. तो मागून आला आणि वस्तीत दोघं बरोबर दिसू नयेत म्हणून चार पावलं अंतर ठेवून चालू लागला.

"मी निस्तरलं असतं."

"माझ्यासाठी कुणी निस्तरायला नको होतं मला."

"खालाला काय सांगशील?"

"आता लपवून काय करू? खरं तेच सांगीन. चार माणसांत पसरेल. मग तुझी अम्मी तुला माझ्या गल्लीत फिरकू देणार नाही."

"अम्मीनं भावाला स्वतःच्या हातानं गोळ्या दिल्यात."

"तो तिचा मुलगा होता. मी कोण?"

गल्लीच्या तोंडाशी ती एका पायरीवर टेकली. तिला धाप लागली होती. तो ते चार पावलांचं अंतर ओलांडून आला आणि सगळ्यांच्या देखत तिच्या शेजारी बसला. समोरच्या खिडकीतली बाई बघत राहिली.

"ऊठ," मुंगी म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. तुझा दम परत आला की उठू."