ट्रकचा पोळा

आम्हा दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा थोरल्याला इचोड्याच्या रस्त्यावरचं हार्डवेअरचं दुकान मिळालं आणि मला ट्रक. दुकान चालू होतं, ट्रक बंद होता. पंच म्हणाले, वाटणी बरोबरीची झाली. हे मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. चहा येईपर्यंत दुकानावर पोचतो, कप खाली ठेवेपर्यंत पंचांवर येतो. बायको आतून म्हणते, "सांगा, सांगा. हे पाहुणे नवीन हायेत."

त्या बंद ट्रकवर मी बोथची वांगी आणि आदिलाबादच्या बाजाराचा कापूस वाहिला आणि घर उभं केलं. दुरुस्तीही स्वतः शिकलो, कारण मिस्त्री माझ्याकडे टिकत नसे. पहिल्या मिस्त्रीला मी इंजिन उघडं असतानाच हाकलला. तो गेल्यावर अर्धा तास राग होता, मग अंगणभर पसरलेले नट दिसायला लागले. ते परत कुठे बसतात हे शोधण्यात तो उन्हाळा गेला. तेव्हापासून ट्रकचं सगळं घरीच होतं. लाकडी ओंडक्यांवर धूड चढवायचं, पुरणाच्या परातीत डिझेल ओतून त्यात सुटे भाग धुवायचे, आणि बायको आली की परात पायानं ट्रकखाली सरकवायची.

यंदा मात्र माल भरलेला असताना रस्त्यावरच ट्रकच्या इंजिनाचं हेड गॅस्केट उडालं. ट्रॅक्टरला बांधून तो घरी आणला आणि अंगणात लावला. अंगण दोघा भावांचं एकच आहे, घरं समोरासमोर. त्याच महिन्यात थोरल्यानं नवी कार घेतली. ती पांढरी होती आणि तिला सावलीत उभी राहायला जागा नव्हती.

एका सकाळी तो ओट्यावर आला. आमची माय ज्वारी निवडत बसली होती. बा गेल्यापासून ट्रकचे कागद तिच्या नावावर आहेत, म्हणून माझ्याशी बोलताना तो तिच्याकडे बघत होता.

"हे डबडं नागपंचमीपर्यंत उठव. नाही तर भंगारवाला बोलावतो."

"दसऱ्यापर्यंत," मी म्हणालो.

"दसऱ्याले मी माह्या गाडीची पूजा रस्त्यावर करू का?"

"मंग पोळा."

"पोळा," तो लगेच म्हणाला.

समोरचा लगेच हो म्हणाला की आपण फसलो, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आलो. त्या सकाळी विसरलो. मायनं सूप खाली ठेवून निकाल दिला: पोळ्यापर्यंत ट्रक आपल्या पायानं अंगणाबाहेर गेला तर राहील, नाही तर दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, भंगारात. मी छाती काढून घरात आलो.

बायको पोळ्या लाटत होती. "पोळ्याले तुमच्या घरी ट्रकची चावी कोण फिरवते?" ती म्हणाली.

आमच्याकडे बैल कधीच नव्हते. आम्ही भाजीपाल्यातले, छोटे व्यापारी. गावात पोळा भरायचा, तोरणाखाली बैलांची रांग लागायची, तेव्हा बा उगाच उभा राहायचा. मग त्यानं जुना ट्रक घेतला आणि त्याच वर्षी मायला सांगितलं, आता आपल्या घरी बैल आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलांचे खांदे तुपाहळदीनं चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. बा पुढच्या चाकांवरचे कमानपाटे चोळायचा. ते ट्रकचे खांदे. तिथून पोळा संपेपर्यंत चावी फिरवायची नाही, पान्याला हात लावायचा नाही. बैल सुट्टीवर.

"म्हणजे एक दिवस गेला," मी म्हणालो. "बाकीचे हायेत ना."

थोरल्याला माझी सवय माहीत होती. मला शेवटचा दिवस वापरल्याशिवाय चैन पडत नाही. भाव करतानाही मी दुकान बंद व्हायची वाट पाहतो.

गॅस्केटसाठी आदिलाबादला गेलो. जुन्या सुट्या भागांचा दुकानदार हिंदीत बोलणारा. त्यानं भाव सांगितला, मी पायरी उतरलो. त्यानं हाक मारली, मी वर आलो. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यानं हाकच मारली नाही. मी आपणच वर चढलो तेव्हा तो म्हणाला, "भैया, पानी पी लो. चढ-उतर में गला सूख गया होगा." पाणी प्यायलो आणि त्याच भावात गॅस्केट घेतलं. हे घरी सांगितलं नाही.

काम वाढत गेलं. हेड काढलं तर नोझल खराब, नोझल काढले तर डिझेलच्या नळ्या कुजलेल्या. थोरला रोज सकाळी दात घासत यायचा आणि ट्रकभोवती एक फेरी मारायचा.  एकदा टेप आणून ट्रक उभा होता ती जागा मोजली.

"काय मोजून राह्यला?" मी ट्रकखालून विचारलं.

"काही नाही. कारचा दरवाजा उघडते का पाहून राह्यलो."

मी पाना फेकला. तो त्याला लागला नाही, माझ्याच पाण्याच्या घागरीला लागला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सूर्य कलला तेव्हा शेवटची नळी बसवली. बंपरवर चढून डिझेलच्या फिल्टरवरचा बोल्ट बोटांनी फिरवत होतो, तोच मागून माय आली. तिच्या हातात तूप-हळदीची वाटी होती.

"उतर."

"माय, दोन मिनिटं. एक डाव चालू करून पाहतो."

"सूर्य पाह्य. उतर."

मी उतरलो. तिनं माझे सगळे पाने गोळा केले, जुन्या लुगड्यात बांधले आणि स्वतःच्या खाटेखाली ठेवले. मग कमानपाट्यांवर तूप चोळलं आणि ट्रकच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." समोरच्या ओट्यावर थोरला मनापासून हात जोडून उभा होता. इतकी भक्ती मी त्याच्यात कधी पाहिली नव्हती.

रात्रभर मी तोड शोधत होतो. सकाळी सापडली.

"माय, पोळ्याले बैल जुपत नाही. पण तोरणाखाली जाते की नाही?"

"जाते."

"कसा जाते?"

"कसा म्हणजे? पायानं."

"मंग आपला काऊन नाही जाणार?"

थोरला अर्धा चहा टाकून आला. "माय, बैल चालते. याचं इंजिन चालते. इंजिन म्हणजे काम."

"अन् बैलाचे पाय म्हणजे काय सायकल हाय?" मी ओरडलो.

मायनं दोघांना गप्प केलं. संध्याकाळी गावाचे बैल तोरणाकडे निघतील तेव्हा चावी फिरवायची. हौदा रिकामा, भाजीचं एक पानही नको. आणि पाने खाटेखालीच राहतील. "बैलाले हत्यार लावून कोणी उठवते का?" ती म्हणाली.

संध्याकाळी ट्रकला झेंडूच्या माळा घातल्या, आरशांना फुगे बांधले. गल्लीतून रंगवलेल्या शिंगांचे बैल जाऊ लागले. मी चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं, पेटलं, मी गिअरकडे हात नेला, आणि ते बंद पडलं. पुन्हा फिरवली. पुन्हा पेटलं, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी नुसतंच खोकलं.

"याले आवतण पोचलं नाही वाटते," बैल घेऊन जाणारा शेजारी थांबून म्हणाला. मग त्यानं थोरल्याकडे बघितलं. "दोघं भाऊ मिळून एक बैल उठवता येत नाही तुमाले?"

मला वाटलं थोरला हसेल. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो राग मी ओळखतो, आरशात रोज बघतो.

"एअर घेऊन राह्यला तो," तो मला म्हणाला. "समजत नाही?"

"मले शिकवू नको. पंपातून घेते."

"पंप कायले? बोल्ट कसला का तू?"

मी स्वतः बसवलेल्या बोल्टवर संशय घेणं माझ्या स्वभावात नाही. तो नव्या पांढऱ्या शर्टासकट इंजिनावर वाकला, हात आत घातला आणि फिल्टरवरचा बोल्ट दोन बोटांनी फिरवून दाखवला. काल माय आली तेव्हा तो तसाच राहिला होता. तिथूनच हवा आत जात होती.

"पाना नाही," मी म्हणालो.

"बोटं हायेत ना? मार पंप."

मी डिझेलचा हातपंप मारत राहिलो. सैल बोल्टाखालून आधी बुडबुडे आले, मग निव्वळ डिझेल, तेही थेट त्याच्या छातीवर. त्यानं शर्टाचं टोक बोल्टाभोवती गुंडाळून तो पिळला. बायकोनं ओट्यावरून सांगितलं की असाच दाबून पुरणाचं कापड पिळतात.

"थांब, मी बसतो," मी हात पुसत म्हणालो. पण तो केबिनजवळ होता आणि मी इंजिनाच्या दुसऱ्या अंगाला. त्यानं चढून चावी फिरवली. ट्रक असा गरजला की शेजाऱ्याचे बैल एक पाऊल मागे सरले. थोरल्यानं क्लच दाबला, बा टाकायचा तसा गिअर टाकला आणि ट्रक अंगणाबाहेर गेला. माझ्याशिवाय.

मी मागे धावलो. तोरणाजवळ बैलांच्या रांगेच्या शेवटी त्यानं तो उभा केला, तेव्हा मी क्लीनरच्या दारातून आत चढलो. माझ्याच ट्रकमध्ये, डाव्या बाजूला. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. शर्ट पार वाया गेला होता.

"उतर खाली," मी म्हणालो.

"दुकान घेतो का?" तो समोर बघत म्हणाला. "तू दुकान घे. हा मले दे."

सौदा करायला माझ्या आयुष्यात इतकी चांगली वेळ आली नव्हती. भाव मात्र केला नाही. खाली माय नैवेद्याचं ताट घेऊन आली होती. तिनं रेडिएटरच्या जाळीला पुरणपोळी टेकवली आणि थोरल्याला वर बघून म्हणाली, "ते तुही कार दुकानापाशी ठेव. हा अंगणातच राहीन." मग ती ताट घेऊन बैलांकडे गेली.

मी परत म्हणालो, "उतर."

"घरी नेऊन देतो," तो म्हणाला. "अन् ब्रेक पाह्य. डाव्या चाकाचा कमी लागते."

दुसऱ्या दिवशी मायनं पाने परत दिल्यावर मी पहिल्यांदा डावं चाक उचललं. ब्रेकच्या सिलिंडरमधून तेल गळत होतं. मी तो बदलला, चाक बसवलं, आणि हे आजपर्यंत थोरल्याला कळू दिलेलं नाही.