मस्कतला जाणारी डिग्री

कोणताही कागद हातात आला की भाऊ तो कडेने धरत, उजेडाकडे नेत, त्यावर हलकी फुंकर मारत आणि म्हणत, "कागदाले हवा लागली का गेला कामातून, राजेहो!" तुम्ही 'थांबा' म्हणेपर्यंत कागद मशीनच्या तोंडात गेलेला असे आणि दुसऱ्या बाजूने प्लास्टिक पांघरून गरमागरम बाहेर येत असे.

आर्वीच्या तहसील कचेरीसमोर त्यांचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं टायपिंगचं. सगळे त्यांना भाऊच म्हणत. आता भाऊ नाहीत. त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात, म्हणजे प्लास्टिकची परंपरा सुटलेली नाही.

तालुक्यातला एकही कागद उघडा राहू नये, असा भाऊंचा संकल्प होता. आंजीच्या एका बाईचा रक्ताचा रिपोर्ट त्यांनी असा मढवला की डॉक्टरला औषध लिहायला जागा उरली नाही. एका शेतकऱ्याचा अर्ज सही करायच्या आधीच मशीनमधून निघाला. कचेरीतला बाबू ओरडला, "याच्यावर सही कुठं करू मी?" भाऊ शांतपणे म्हणाले, "मार्करनं करा नं. धुतली तरी जात नाई."

आता असा माणूस आणि त्याची एकुलती एक लेक. बायको लवकर गेली, पोरीला भाऊंनीच वाढवलं. ती नर्स झाली आणि तिला मस्कतच्या दवाखान्यात नोकरी लागली. भाऊंनी पेढे वाटले ते नुसत्या नोकरीसाठी नव्हे. आपल्या घरातला कागद समुद्रापार जाणार, याचाही त्यात वाटा होता.

पण समुद्रापारचे लोक आपल्या कागदावर असा विश्वास ठेवत नाहीत. डिग्री विद्यापीठाने दिली, तर ती खरी आहे हे मुंबईने सांगायचं. मुंबई खरं बोलते हे दिल्लीने सांगायचं. मग दिल्ली मूळ डिग्रीच्या पाठीवर एक स्टिकर लावते, त्याला अपोस्टिल म्हणतात. ते लागलं की मस्कतवाले मान डोलावतात. पोरीने चार वर्षं रात्रपाळ्या करून काय शिकलं, हे मात्र कुणीच विचारत नाही.

पोरगी नागपूरच्या एजंटकडे जायला निघाली, तर टेबलावरची डिग्री आरशासारखी चमकत होती.

"बाबा, हे काय केलं तुमी?"

"मस्कतले समुद्र आहे म्हणे. दमट हवा. म्हणून डबल मारलं," भाऊ अभिमानाने म्हणाले.

मीही नागपूरला सोबत गेलो होतो. एजंटने डिग्री उलटसुलट करून पाहिली. "हे चालत नाही. स्टिकर कागदावर लागतं, शिक्का कागदावर लागतो. प्लास्टिकवर नाही."

"त वरतून चिकटवा नं," भाऊ म्हणाले. "मी त्याच्यावर अजून एक मारून देतो. फुकट."

एजंटने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

परतताना पोरगी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "एक कागद त सोडायचा होता, बाबा." दवाखान्याने हजर व्हायला मुदत दिली होती. ती चुकली की जागा यादीतल्या पुढच्या नर्सला मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात इस्त्री घेऊन बसले. प्लास्टिक गरम करून सोलायचं ठरलं. सराव म्हणून स्वतःची दहावीची मार्कलिस्ट घेतली. प्लास्टिक निघालं आणि मार्कही त्याच्यासोबत निघाले. तसे ते फार नव्हतेच. मग शाळा सोडल्याचा दाखला घेतला, मग दुकानाचा परवाना. संध्याकाळपर्यंत सरकारदरबारी भाऊ जन्मले होते की नाही, याचीच शंका यावी अशी अवस्था झाली. शेवटी त्यांनी पोरीची डिग्री हातात घेतली. इस्त्री उचलली, आणि खाली ठेवली.

"माह्याच्यानं नाई होत, बाप्पा," ते म्हणाले. एवढा आवाज उतरलेला मी कधी ऐकला नव्हता.

आता विद्यापीठातून दुसरी प्रत काढणं एवढाच रस्ता उरला. त्यासाठी मूळ प्रत कशी निकामी झाली याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. ते मीच टाइप करणार होतो.

"नैसर्गिक आपत्ती लिहा," भाऊ म्हणाले.

"भाऊ, आर्वीत नैसर्गिक आपत्ती एकच आहे, ती माझ्यासमोर बसली आहे."

ते हसले नाहीत. खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढली. मग म्हणाले, "लिहा. बापानं केलं म्हणून लिहा. पोरीची काई चूक नाई, हे बी लिहा. ते पहिले लिहा."

मी तसंच लिहिलं. उभ्या जन्मात चूक कबूल न केलेल्या माणसाने खाली सही केली.

मग भाऊंच्या विद्यापीठात खेपा सुरू झाल्या. या खिडकीवरून त्या खिडकीवर, साहेब जेवायला गेले, साहेब जेवून आले, साहेब आता चहाला गेले. दुकान बंद ठेवून भाऊ उभे राहत. तालुक्यातले कागद तेवढे दिवस मोकळ्या हवेत होते आणि एकही मेला नाही. पोरीने दवाखान्याला विनवून थोडी मुदत वाढवून घेतली, आणि अगदी काठावर येऊन नवी प्रत मुंबई-दिल्ली करून स्टिकरसह घरी पोचली.

भाऊंनी हात पाठीमागे बांधले. "तूच धर. मी दुरूनच पाहतो."

नागपूरच्या विमानतळाच्या दारात पोरीच्या हातून फाइल पडली आणि डिग्रीचा कोपरा मुडपला. आता भाऊंचं व्याख्यान सुरू होणार म्हणून मी तयार झालो.

"मुडपू दे," भाऊ म्हणाले. "तू नीट राह्यजो, माय. टायमावर जेवजो." आणि मग सगळ्यांसमोर ते लहान पोरासारखे रडले. मी फाइल उचलून पोरीच्या हातात दिली.

आम्ही बसने परत निघालो. वर्धा जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मस्कतले किती वाजले असतीन आता?"

पोरगी अजून मुंबईलासुद्धा पोचली नव्हती. तरी मी मोबाइलमध्ये बघून सांगितलं. भाऊंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि काटे मागे फिरवले. ते त्यांनी शेवटपर्यंत पुढे केले नाहीत. आर्वीत किती वाजले, ते मग मला विचारत.