मांडीवरचं दही आणि दादाची गाडी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वहिनीला आधी हेच विचारलं, ‘गाडी चालवत होता का?’ ‘नाही गं, चहा घेत होते,’ ती म्हणाली. कप हातात असतानाच त्याला झटका आला होता... पण माझ्या मनात गाडीच आली, कारण गेली काही वर्षं तिने माझ्या जिवाला घोर लावला होता.

माझा हा थोरला भाऊ कोथरूडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. रांगेत मागून ढकलणाऱ्याला ‘आपल्याला फारच घाई दिसते, व्हा पुढे’ असं शांतपणे ऐकवणारा. अशा माणसाने साठी उलटल्यावर आपली जुनी डिझेल गाडी धायरीच्या एका गॅरेजात नेली आणि तिच्या इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून आणलं. इंजिनात डिझेल किती जावं, हवेचा दाब किती असावा, हे तो कॉम्प्युटर ठरवतो म्हणे. गॅरेजवाल्या संतोषने लॅपटॉप जोडून ते आकडे वाढवले, आणि एकही भाग न बदलता गाडीची ताकद वाढली. ही कॉलेजातल्या पोरांची थेरं आहेत, असं मी दादाला तोंडावर सांगितलं. ‘पोरांना कळतं ते म्हाताऱ्यांना कळू नये, असा नियम आहे का?’ तो म्हणाला.

खरं कारण मला वहिनीकडून कळलं. तिचं माहेर माणगावचं. तिकडून परतताना ताम्हिणी घाटाच्या चढावर दादाने ट्रकच्या पुढे जायला गाडी बाहेर काढली आणि ती अर्ध्यातच दमली. समोरून बस येत होती. ट्रकवाल्याने ब्रेक मारून जागा दिली म्हणून दोघं वाचली. घरी पोचल्यावर दादाने लगेच धायरी गाठली.

माहेराहून निघताना वहिनीची आई नेहमी म्हशीच्या दुधाचं घट्ट दही डब्यात भरून देते. तो डबा डिकीत ठेवायचा नाही, वहिनीने मांडीवर धरायचा. कोथरूडला पोचल्यावर दादा आधी झाकण उघडून बघणार, दह्याला पाणी सुटलंय का. सुटलं नसेल तर दिवसभर स्वतःची पाठ थोपटून घेणार. गाडीची ताकद वाढल्यावरही ते दही मोडलं नाही. बैलगाडीसारखीच हाकायची होती तर एवढी ताकद घेतलीस कशाला, असं मी एकदा त्याला छेडलं. ‘लागेल तेव्हा असावी म्हणून,’ तो म्हणाला. ‘रोज दाखवायला नाही.’

तो गेल्यावर महिन्याभराने संतोषचा मला फोन आला. ‘ताई, मूळ सेटिंग माझ्याकडं जपून ठेवलंय. परत टाकू का? वहिनींना ही गाडी जड जाईल.’ मला ते पटलं. वहिनी शहरात गाडी चालवते, पण घाटात तिने कधी स्टिअरिंग हातात घेतलं नव्हतं. दादापाठोपाठ तिला गमावायची माझी तयारी नव्हती. वहिनी मात्र म्हणाली, आधी एकदा माहेरी जाऊन येऊ, मग ठरवू.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी जाऊन आलो. परतताना डबा माझ्या मांडीवर होता. ताम्हिणीत एका मोकळ्या चढावर वहिनीने पाय जरा जोरात दाबला, आणि गाडी अशी उसळली की माझी पाठ सीटवर आदळली, झाकण उडालं, निम्मं दही साडीवर. वहिनीने गाडी कडेला घेतली. मला वाटलं, घाबरली.

‘ही एवढी जोरात पळते, मला कधी कळलंच नाही गं,’ ती म्हणाली. ‘हे इतकी वर्षं पाय आवरून चालवत होते...’ मग ती रडली. मीही रडले.

उरलेला घाट ती फार हळू चढली. घरी आल्यावर दादाच्या सवयीप्रमाणे तिने आधी झाकण उघडून पाहिलं. दही पार मोडलं होतं, वर पाणीच पाणी. त्यातलंच चमचाभर घेऊन तिने कोमट दुधात विरजण लावलं, वर ताटली ठेवली.

‘संतोषला सांग, सेटिंग आहे तसं राहू दे,’ ती म्हणाली. ‘पाय आवरायला मी शिकेन.’