टाकीवरचे कावळे आणि वहिनींचं ताक

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कुणी रामनवमीचा विषय काढला की मी क्रिकेटचा काढत असे. आता ऐकून रागावेल असं घरात कुणी उरलं नाही, म्हणून लिहून टाकतो.

तमिळनाडूत कुंभकोणममध्ये आमच्या मराठी घरी जेवायच्या आधी कावळ्याला भात ठेवतात. तमिळ शेजारीही ठेवतात. पितर कावळ्याच्या रूपानं येतात, याबाबत त्यांचं-आमचं पूर्ण एकमत. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम माझ्याकडे आलं. अंगणात मांजर भातावर डल्ला मारायचं, म्हणून मी गच्ची गाठली. तिथं पाण्याची काळी प्लॅस्टिकची टाकी होती. तिच्या फुगीर झाकणावरून भात घरंगळायचा. मी ते काढून कठड्यावर उलटं ठेवू लागलो. छान परात झाली. कावळ्यांचं जेवण होईपर्यंत टाकी उघडी.

त्या कावळ्यांचं मला फार कौतुक. त्यातल्या एकाला मी आजोबा समजत असे, कारण भातावर तूप कमी पडलं की तो न जेवता उडून जायचा. शिळा वडा दिला तर तो घेऊन टाकीच्या काठावर बसायचा, पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि मग खायचा. मी खाली येऊन बायकोला सांगितलं, "आजोबा वडा भिजवून खातात."

"तुमच्या घराण्यात दात कुणाचे धड होते?" ती म्हणाली.

कशात भिजवून, हे तिनं विचारलं नाही. गुडघ्यांमुळे ती गच्चीवर येत नसे.

खालच्या मजल्यावर वहिनी राहत, माझ्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. रामनवमीला आसपासची मराठी घरं आमच्याकडे जमत. गुळाचं पानक, ताक आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी, सगळं वहिनींच्या हातचं. यातलं काहीच चुलीवर चढत नाही. एरवी वहिनी कुणाच्या खिजगणतीत नसत, पण त्या दिवशी बडे वकीलसुद्धा पेला पुढे करून उभे.

"वहिनी, अजून अर्धा."

"अर्धा मागणारे पुन्हा येतात. पुरता घ्या आणि बाजूला व्हा."

त्या वर्षी त्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रापाशी घागर घेऊन थांबल्या होत्या. मीच म्हणालो, "वहिनी, ही धार बघता राम वनवासाला जाऊन परत येईल. नळाचं घ्या." त्या हसल्या आणि नळाचं घेतलं. नळाला टाकीचं पाणी.

दोन दिवसांत अर्धी गल्ली अंथरुणात. शेजारच्या लहान मुलीला सलाइन लावावं लागलं. सगळे बरे झाले, तीही. तरुण डॉक्टर म्हणाले, पोटात जिवाणू गेलेत. असे जिवाणू रानपाखरांच्या आतड्यात सुखानं राहतात, पाखराला काही होत नाही. पण त्याची विष्ठा पाण्यात पडली की माणसं आजारी पडतात.

"सर, तुमच्या टाकीवर कबुतरं बसतात का?"

"एकही नाही," मी म्हणालो. हे खरं होतं.

घरी येऊन वर गेलो. काठावर पांढरे ओघळ, तळाशी वड्याचा गाळ. टाकी उपसली, ब्लीचिंग पावडर घालून घासली, झाकण दोरीनं आवळून बांधलं आणि कावळ्यांना मांजरासकट पुन्हा अंगणात आणलं. हे सगळं गुपचूप. स्वतःला म्हणालो, पितरांनी गल्लीला जुलाब लावले हे कुठल्या तोंडानं सांगायचं? विनोद बरा होता. तेवढ्यावर मी बरेच दिवस काढले.

तोवर गल्लीनं कारण ठरवून टाकलं होतं: कडक ऊन, आंबलेलं दही, म्हातारे हात. वाईट कुणी बोललं नाही. पुढच्या रामनवमीला लोकांनी बाजारातून ताकाची पाकिटं आणली. "वहिनी, तुम्ही आता नुसत्या बसा." त्या बसल्या. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, मी हात धुतले होते ना हो?"

"धुतले होते."

"मग दहीच वाईट असेल. मला आता वास कळत नाही वाटतं."

"उन्हाचे दिवस, वहिनी," मी म्हणालो.

पुढे त्या मेलकावेरीला लेकीकडे राहायला गेल्या. आज सांगायचंच, असं ठरवून मी एका सकाळी तिकडे गेलो. लेक दुकानात गेली होती. वहिनींनी माझ्या गुडघ्यांची, बायकोच्या गुडघ्यांची, गल्लीतल्या सगळ्या गुडघ्यांची चौकशी केली. कॉफीचं विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, "लेक येईल एवढ्यात, ती करेल कॉफी. मी बाहेरच्यांसाठी काही करत नाही आता. उगाच कुणाला त्रास नको."

सांगायची वेळ होती ती हीच. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

"काही बोलायचं होतं का, भावजी?"

"नाही, सहज आलो."

लेक आली, कॉफी झाली, ती पिऊन मी निघालो. त्यानंतर वहिनी फार दिवस राहिल्या नाहीत. त्या सकाळी रिक्षातून जाताना मी जे जुळवून ठेवलं होतं, ते एवढंच होतं: वहिनी, तुमचे हात स्वच्छ होते. ताक चांगलं होतं. पाणी मी नासवलं, आणि नाव तुमचं खराब होत असताना गप्प बसलो. मला क्षमा करा.