मोठ्याने न सांगितलेलं माप

आमचे शिंपीकाका माप घेताना प्रत्येक आकडा मोठ्याने सांगतात आणि समोर बसलेल्या काकू तो वहीत लिहितात. काल खांदा, बाही नेहमीसारखी झाली. कमरेशी मात्र काका थबकले. त्यांनी टेप पुन्हा लावली आणि काकूंच्या हातून वही घेऊन आकडा स्वतःच लिहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो. आत कापड जरा जास्त ठेवतो. अंगानं भरलात की उसवून सैल करून देईन."

इतक्या वर्षांत कधी नव्हे ते काकूंनी चहा विचारला. मला चीडच आली.

माणसं चांगुलपणानंच जपून बोलतात, हे कळतं मला. पण आपल्याला जपलं जातंय हे लक्षात आलं की उलट धीर सुटतो. जपणाऱ्याला आपल्याआधी काहीतरी दिसलेलं असतं.

घरी येऊन खुंटीवरचा पट्टा हातात घेतला. त्याला एक नवं भोक होतं, अगदी नीट, जुन्या भोकांच्या ओळीत. मी ते पाडलेलं नव्हतं.

"दिलं का माप?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"दिलं," म्हणालो आणि पट्टा होता तसा खुंटीला अडकवला.