कापसावरची उडी

माणूस उडी कशी मारतो हे सारं जग बघतं. तो खाली कसा येतो हे बघायला देवाने एकच माणूस घडवला आणि नेमका आमच्या दारासमोर आणून ठेवला. आमचे नाना म्हणजे निवृत्त खेळाचे मास्तर. जळगावची बस असोद्याच्या थांब्यावर लागली की लोक आपला पाहुणा शोधतात, नाना उतरणाऱ्यांचे गुडघे. एकदा एका नव्या नवरीला त्यांनी हटकलं, "सूनबाई, टाच नको, आधी चवडा!" ती बिचारी घाबरून परत पायरीवर चढली आणि चवड्यावर उतरली. सासू अजून नानांशी बोलत नाही. भिंतीवरून मांजर खाली आलं तरी नानांचा चहा गार व्हायचा. "पाह्य वं, सगळं वजन कसं सांध्यासांध्यातून सांडून टाकलं त्यानं!"

आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. नानांची पुढची खोली हिवाळाभर पांढरी असायची. माझी तेजू मल्लखांबावर खेळते. तिला खाली उतरायला शिकवायचं नानांनी तिथेच सुरू केलं. ती माळ्यावरून उडी टाकायची, कवडशात कापसाची पिसं तरंगायची, आणि मला आपलं वाटायचं, पोरगी आता खाली येणारच नाही. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी दारात उभीच. नानाही डोळे अर्धे मिटून पुटपुटायचे, "काय अलगद येते!"

अलगद कसली! कापसात कसंही पडा, लागत नाही. गुडघे वाकवायचं आपण शिकलोच नाही, हे तेजूला धुळ्याच्या स्पर्धेत कळलं. खांबावरून ताठ पायांनी खाली आली, गुडघा आत वळला आणि ती किंचाळली. मी भर मैदानात नानांना म्हणाले, "माझ्या पोरीचा पाय तुम्ही घालवला!" त्यानंतर नाना आमच्या ओट्यावर आले नाहीत.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हळूहळू सुरू करा म्हटलं, तर कार्टी अडून बसली, "नाना असतील तरच." गेले मग मी समोर, मान खाली घालून. नानाच म्हणाले, "कापूस माफी देतो, बयो. जमीन देत नही. मीच इसरलो." मला फार लाज वाटली.

मग आमच्या ओट्याच्या एका पायरीवरून सुरुवात झाली. चवडा, टाच, मग गुडघा आणि कंबर एकदमच वाकवायची. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, नजर समोर. एका पायरीला एक महिना. शेजारीपाजारी हसले, हसू देत.

परवा ती पहिल्यांदा पुन्हा खांबावर चढली. नानांनी माझं मनगट धरलं. तिने हात सोडले. मातीवर जेमतेम आवाज झाला, मग काहीच नाही. मी बघत होते. नानांनी डोळे गच्च मिटले होते. तेजू चालत त्यांच्यासमोर आली.

"नाना, उघडा ना डोळे. मी उभी आहे."

म्हातारा लहान पोरासारखा रडला, आणि मला काही त्यांचे डोळे पुसता आले नाहीत, कारण माझेच थांबत नव्हते.