सासऱ्यांशी लावलेली नुरा कुस्ती

पेशंटने तपासताना सांगितलेलं बाहेर वापरायचं नाही, हे मी आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावातल्या आमच्या हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टरांना कायम बजावतो. मी मात्र ते वापरलं, आणि तेही सासऱ्यांना फसवायला. बायकोला अजून माहीत नाही.

सासरे सांगलीकडचे, उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आलेले. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता. तंबाखू सोडा, तोंड दाखवून घ्या, असं म्हटलं की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

त्याच आठवड्यात एक पैलवान खांदा दाखवायला आला. शनिवारी गावातल्या हॉलमध्ये त्यांचा टीव्हीछाप कुस्त्यांचा खेळ होता. मी म्हटलं, खांदा जपा.

"ग्रँड, डॉक. मुखवटा घालून मीच जिंकणार आहे. ठरलंय आमचं."

संध्याकाळी मी सासऱ्यांशी पैज लावली. मुखवटेवाला जिंकला तर तंबाखू बंद आणि तपासणी. हरला तर मी हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"चालतंय की, जावईबापू."

शनिवारी मुखवटेवाल्याने लाल चड्डीवाल्याला कणकेसारखं तिंबलं. मी निवांत चिप्स खात होतो. तेवढ्यात सासरे उठले. त्यांच्याकडे कुस्तीच्या मैदानात आवडलेल्या पैलवानाला प्रेक्षक इनाम लावतात. हे थेट रिंगपाशी गेले, पन्नास युरोंची नोट उंच धरून सगळ्यांना दाखवली आणि "ऊठ रं वाघा" म्हणत पडलेल्याच्या मुठीत कोंबली.

अख्खा हॉल पाय आपटायला लागला. लाल चड्डीवाला उठला. मुखवटेवाल्याने गर्दीकडे पाहिलं, लाल चड्डीवाल्याच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि पुढच्याच धक्क्याला आडवा झाला, तो उठलाच नाही. गर्दी खूश ठेवणं हाच त्यांचा धंदा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी येताना सासरे गाडीत तंबाखू मळत बसले. मला बोलायची सोय नव्हती, आणि तो चट्टा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. शेवटी सगळं सांगून टाकलं.

मळणारा अंगठा थांबला.

"म्हंजे नुरा कुस्ती. निकाल आधीच ठरल्याला, आन् त्यो तुम्हाला म्हाईत हुता?"

"हो."

"तरीबी तुम्ही पैज हरला?"

"हो."

ते पोट धरून हसले. मग काच खाली करून हातातली तंबाखू बाहेर झटकली.

"माझ्यापायी लबाडी केली, ती बी धड जमंना तुम्हाला. चला, दाखवू तोंड. कधी जायाचं?"

"सोमवारी सकाळी. वेळ घेऊन ठेवलीये."

"कवा घेतली?"

"पैज लावली त्याच दिवशी."

ते पुन्हा हसले. या खेपेला चट्ट्याच्या बाजूच्या गालावर हात धरून.